लहान जहाजाची निवड

व्यापारी घरांत प्रवासाला नेहमीच कारण लागत आले आहे. माल पाहणे, वसुली करणे, सोयरीक जुळवणे किंवा पालीताणा, आबू, सम्मेदशिखर येथे यात्रेस जाणे, या चार कारणांपलीकडे घराबाहेर पडणे म्हणजे दुकानाचा तोटा, अशी समजूत कित्येक पिढ्या टिकली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाचव्या कारणाची भर पडली, ते म्हणजे सहल. तीही बहुधा समूहाने, स्वयंपाकाचे महाराज सोबत घेऊन, सूर्यास्ताआधी गरम जेवण मिळेल याची हमी घेऊन. या व्यवस्थेत सोय पुष्कळ आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात प्रवाशाला स्वतः काही ठरवावे लागत नाही. कोठे थांबायचे, किती थांबायचे, काय पाहायचे, हे सर्व दुसऱ्याने ठरवून दिलेले असते.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याने ६७व्या वर्षी पेढीची गादी मुलांच्या हाती सोपवली, तेव्हा त्यांना नेमके हेच खटकले. चाळीस वर्षे त्यांनी ठरवण्याचेच काम केले होते. हरभरा कधी घ्यायचा, तूर कधी सोडायची, कोणाला उधारी द्यायची आणि कोणाला नाही. निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास दुसऱ्याच्या यादीप्रमाणे करायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. समुद्राची ओढ जुनी होती. घरच्यांचा आग्रह मोठ्या क्रूझचा होता आणि त्यांचे मन लहान जहाजाकडे झुकले होते.

मोठ्या जहाजांचा पसारा आज थक्क करणारा आहे. २०२४ साली सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. आपल्याकडचे एखादे मोठे गावच पाण्यावर निघावे, असा हा प्रकार. तेथे तरणतलाव, नाट्यगृहे, बाजार, सर्व काही असते. दवाखाना आणि डॉक्टरही असतात. मात्र असे जहाज मोजक्याच बंदरांना लागू शकते. लहान जहाजाचा हिशेब याच्या उलट आहे. त्यावर करमणूक जवळजवळ नाही, समुद्र खवळला की ते अधिक डुलते आणि डॉक्टरही बहुधा नसतो. पण ते अरुंद खाड्यांत शिरते, छोट्या गावांच्या धक्क्याला लागते आणि प्रवासी पायऱ्या उतरून थेट गावाच्या रस्त्यावर येतो.

त्यांनी निवडलेला मार्ग नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचा होता. बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत आणि परत, असा हा १२ दिवसांचा फेरा आहे. वाटेत ३४ बंदरे लागतात. जाताना जी बंदरे रात्री येतात, त्यांतली पुष्कळशी परतताना दिवसा दिसतात. या मार्गावरील जहाजांवर सुमारे पाचशे प्रवाशांची सोय असते; पण त्यांचे मूळ काम पर्यटकांना फिरवण्याचे नाही. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने सरकारशी करार करून ही सेवा सुरू केली. त्या वर्षी २ जुलै रोजी 'वेस्टेरॉलेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला निघाली आणि ६७ तासांत पोहोचली. त्यापूर्वी उत्तरेकडे पाठवलेले पत्र हिवाळ्यात केव्हा पोहोचेल याचा भरवसा नसे. दीपगृहे थोडी होती, नकाशे अपुरे होते आणि रात्री त्या किनाऱ्याने जहाज नेणे म्हणजे वेडेपणा, असे जाणकार म्हणत. विथ आणि त्यांच्या वाटाड्याने मात्र कित्येक फेऱ्यांत होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधारे वाटेच्या नोंदी टिपून ठेवल्या होत्या. कोणत्या दिशेने किती मिनिटे जायचे आणि कोठे वळायचे, हे सर्व वहीत होते. त्या वहीच्या भरवशावर अंधारातली वाहतूक उभी राहिली. रोजमेळ लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा इतिहास वाचून मार्ग पसंत पडला, यात नवल नाही.

आजही या जहाजांच्या पोटात किराणा, यंत्रांचे भाग आणि मोटारी असतात. दोन बंदरांपुरते चढणारे स्थानिक लोक असतात. करार सरकारशी असल्याने गाव लहान असले तरी जहाज तेथे जाते. आपल्या एस.टी.ने महाराष्ट्रात जे केले, ते या जहाजांनी त्या किनाऱ्यावर केले, असे म्हणता येईल. आणि ज्यांनी मुंबईहून कोकणात बोटीने प्रवास केला आहे, त्या पिढीला धक्क्यावर वाट पाहणारी माणसे, चढणारी पोती आणि निघण्याचा भोंगा यांचे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मार्ग ठरला, तरी महिना ठरेना. खरी अडचण येथे होती. या गृहस्थांचा चौविहाराचा नियम तिसाव्या वर्षापासूनचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी. हा नियम दुकानाच्या धावपळीत, लग्नाच्या वरातीत, इस्पितळात आईच्या उशाशी बसूनही त्यांनी पाळला होता. आणि आता जायचे होते अशा प्रदेशात, जेथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत उगवतच नाही. उन्हाळ्यात गेल्यास चौविहार केव्हा करायचा? हिवाळ्यात गेल्यास जेवायचे केव्हा? घड्याळ लावून पुण्याच्या सूर्यास्ताची वेळ पाळावी, असा सल्ला एका स्नेह्याने दिला. परदेशी जाताना थोडी सूट घ्यावी, असे दुसऱ्याने सुचवले. दोन्ही सल्ले प्रेमाचे होते. पण ज्या सूर्याकडे पाहून तीस-पस्तीस वर्षे पाण्याचा पेला खाली ठेवला, त्याला वगळून केवळ काट्यावर नियम पाळावा, हे त्यांना मानवेना.

मग त्यांनी पंचांग आणि नकाशा शेजारी ठेवून हिशेब मांडला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पृथ्वीवर सर्वत्र दिवस-रात्र जवळजवळ समान असतात. परंतु तो चातुर्मासाचा काळ, आणि चातुर्मासात लांबचा प्रवास न करण्याचा घराचा परिपाठ. मार्चच्या उत्तरार्धातही तशीच समानता असते. पण ३१ मार्चची वर्षअखेर तोंडावर असताना, गादी सोडली असली तरी, भुसार व्यापाऱ्याचे पाऊल पुण्याबाहेर पडणे कठीण. शिल्लक राहिला तो एप्रिलचा उत्तरार्ध. चैत्री ओळी आटोपलेली, हिशेब बंद झालेले. त्या दिवसांत अगदी उत्तर टोकाजवळही सूर्य सुमारे सतरा तासांनी का होईना, पण मावळतो.

या निवडीची किंमत होती. एप्रिलअखेरीस उत्तरेकडची रात्र इतकी उजळ असते की, उत्तरध्रुवीय प्रकाशाची शोभा दिसण्याची आशा धरता येत नाही. आणि मध्यरात्रीचा सूर्य पाहण्यास आणखी काही आठवडे थांबावे लागते. ज्या दोन दृश्यांसाठी जग तेथे जाते, ती दोन्ही चुकणार होती. तिकिटाची चौकशी करताना प्रवास-सल्लागाराने हे दोनदा सांगितले. ऐकण्यात चूक झाली असावी, असे त्याला वाटले. चूक झाली नव्हती. या महिन्याचा एक लाभ मात्र अनपेक्षित निघाला. केबिनचे दर दोघे राहतात असे धरून माणशी सांगितलेले असतात आणि एकट्या प्रवाशाला त्यावर अधिभार पडतो. काही वेळा तो दुप्पट भाड्याच्या जवळ जातो. गर्दीच्या हंगामाबाहेर हा अधिभार पुष्कळदा उतरतो. नियमासाठी निवडलेला महिना खर्चालाही मानवला.

घरातील विरोध सौम्य, पण चिवट होता. थोरल्या काकींना १७ जुलै १९४७ची 'रामदास' बोट आठवत होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या त्या बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे बुडाली, त्या दिवसाच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या होत्या. मुलांना एकटेपणाची काळजी होती. सुनेचा प्रश्न सर्वांत व्यवहारी होता. "पप्पा, तिकडे खाणार काय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दोन महिने गेले आणि त्यातून निघालेले काही धडे इतरांच्याही उपयोगी पडतील असे आहेत. पहिला धडा असा की, परदेशी स्वयंपाकघराला 'जैन' हा शब्द पुरेसा नसतो. शाकाहारी म्हटल्यावर अंडी आणि बटाटा हमखास समोर येतात. त्यामुळे काय चालत नाही याच्या यादीबरोबर काय चालते याची यादी द्यावी लागते, आणि दुसरी यादी पहिलीपेक्षा मोठी असावी. भात, मसूर, मटार, टोमॅटो, काकडी, भोपळी मिरची, दही, सुका मेवा, फळे, अंड्याविना केलेला पाव. जमिनीखाली वाढणारे काही नको, हे एका वाक्यात सांगितले की स्वयंपाक्याला कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट यांची वेगवेगळी कारणे सांगावी लागत नाहीत. चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारे रेनेट आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, ही नोंद स्वतंत्र हवी. दुसरा धडा सामानाचा. नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणून तुपातला मोहनथाळ घरीच राहिला आणि तेलावरचे खाकरे, भाजलेले चणे, पोहे, मेतकूट व सुंठ एवढेच पेटीत गेले. केबिनमध्ये शेगडी पेटवण्यास आगीच्या भीतीने बंदी असते, हेही आधी जाणून घेतलेले बरे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या जहाजावर डॉक्टर नाही, तेथे तो केवळ कागद म्हणून घेऊ नये.

सुंठीचे काम दुसऱ्याच सकाळी पडले. बर्गेन सोडल्यानंतर जहाज बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने चालते. पण स्टाडच्या टोकाशी आडोसा संपतो आणि खुला समुद्र लागतो. बोट लागण्यावर जगभर आले चघळतात. ओले आले वर्ज्य असलेल्यांना सुंठ आणि गूळ यांचा आधार उरतो, आणि तो पुरेसा ठरला. केबिन त्यांनी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ घेतली होती. तेथे डुलणे सर्वांत कमी जाणवते. तिला खिडकी नव्हती. खिडकीचे पैसे वाचवून दिवस डेकवर काढायचा, हा हिशेब थंडीमुळे थोडा महाग पडला, तरी चुकला नाही.

सूर्यास्ताच्या वेळा त्यांनी बंदरवार लिहून नेल्या होत्या. निघाले त्या दिवशी बर्गेनला नऊच्या सुमारास, किर्केनेसला पोहोचले तेव्हा साडेआठच्या पुढे. पूर्वेकडे सरकत गेल्याने उत्तरेला दिवस मोठा असूनही घड्याळात सूर्यास्त लवकर, ही गंमत त्यांना वहीतल्या आकड्यांमुळे कळली. जेवणाची पहिली पंगत मागून घेतल्यावर चौविहारास एकदाही अडचण आली नाही. उलट पुण्यात दुकान बंद करून धावत घर गाठावे लागे. येथे जेवून झाल्यावर पाण्यावर ऊन असे आणि प्रकाश मावळण्याची वाट पाहत डेकवर बसता येई. अन्नाची मात्र पहिले दोन दिवस ओढ होती. यादी पोहोचली होती. ती स्वयंपाकघराच्या नेमक्या माणसाच्या हाती पडायला वेळ लागला. तिसऱ्या दिवसापासून मटार-टोमॅटोचे सूप आणि भात वेगळा येऊ लागला. परतीच्या वाटेवर हुस्टाडविकाच्या उघड्या पट्ट्यात संध्याकाळी वारा असणार, असे जाहीर झाले, तेव्हा त्यांनी सकाळीच उपवासाचे पच्चक्खाण घेतले. नाहीतरी पोटात काही राहणार नाही, तर पुण्य तरी पदरात पडावे.

बर्गेनचा ब्रिगेन हा जुना लाकडी धक्का १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुमारे १३६० पासून जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची पेढी येथे होती. एकमेकांना खेटून उभी गोदामे, वर राहण्याच्या खोल्या आणि शिकाऊ पोरांची कडक शिस्त. लाकडी इमारतींत विस्तव पेटवण्यास बंदी असल्याने हिवाळ्यात ऊब आणि स्वयंपाक फक्त मागच्या स्वतंत्र घरांत. उत्तरेचा सुकवलेला मासा येथे येई आणि त्याच्या बदल्यात धान्य उत्तरेस जाई. व्यवहार उधारीचा होता. व्यापारी धान्य व सामान आगाऊ देई, कोळी पुढच्या हंगामाचा मासा देण्यास बांधला जाई आणि खाते सहसा पुरते मिटत नसे. धान्याचाच व्यापार केलेल्या या माणसाने तेथे बराच वेळ काढला. खाते न मिटण्याची रीत त्यांना अनोळखी नव्हती. त्यांच्या स्वतःच्या पेढीतही काही शेतकऱ्यांची नावे बापापासून मुलाकडे आलेली होती. त्या दिवसाच्या नोंदीत त्यांनी त्यांतली तीन नावे लिहिली आणि पुढे काही लिहिले नाही.

लोफोटेन बेटांत चौथ्या संध्याकाळी परीक्षेचा दुसरा भाग आला. हिवाळ्यात पकडलेला कॉड मासा फेब्रुवारीपासून मेपर्यंत तेथे उघड्या लाकडी मांडवांवर वाळत असतो. एप्रिलमध्ये हे मांडव भरलेले असतात, घरांच्या उंचीचे, रस्त्याच्या कडेने आणि डोंगराच्या पायथ्याशी. वास गावभर असतो. ज्या जहाजातून ते आले होते, त्याच्या पोटातही माशांची खोकी चढत होती. भाडे भरताना हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नव्हते. टेबलावर शेजारी बसणाऱ्या एका निवृत्त नॉर्वेजियन शिक्षिकेने सांगितले की, देशाच्या भूमीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन कसण्याजोगी आहे. किनाऱ्यावरच्या माणसाने समुद्राकडे पाठ फिरवली असती, तर तो जगलाच नसता. त्यांनी वाद घातला नाही. हे जीवन समजते आणि तरीही आपले ताट वेगळे आहे, एवढे त्यांनी सांगितले. मग बटाटा का नाही, हा प्रश्न आला. कंद उपटला की रोप संपते आणि मातीतले कित्येक जीवही जातात, हे उत्तर तिने लक्षपूर्वक ऐकले. त्या रात्री सामायिक करताना मन लागले नाही, अशी प्रामाणिक नोंद वहीत आहे.

सर्वाधिक आनंद त्यांना ज्या गोष्टीचा झाला, ती कोणत्याही माहितीपत्रकात दाखवलेली नसते. रात्री दोनच्या सुमारास एखादे छोटे बंदर येई. जहाजाच्या कुशीतले दार उघडे, लिफ्ट खाली येई, फोर्कलिफ्ट पंधरा मिनिटांत दहा-बारा खेपा करी, कोणीतरी कागदावर सही करी आणि दार मिटे. आरडाओरडा नाही, घाई दिसत नाही आणि वेळ चुकत नाही. ते कोट घालून हे पाहायला उठत. मार्केट यार्डात पहाटे ट्रक लागल्यावर होणारा गोंधळ आठवून ते मनाशी हसतही असतील. स्वतंत्र प्रवाशाला येथे एक जोखीम असते. किनाऱ्यावर आपापले फिरायला गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी ते निघण्याच्या अर्धा तास आधी परत येत.

आठव्या दिवशी थोरल्या मुलाचा निरोप आला. हरभऱ्याचा साठा आता सोडावा की थांबावे? त्यांनी मोबाइल तासभर हातात धरला. उत्तर दोनदा लिहिले, दोनदा खोडले. शेवटी 'तू बघ' एवढेच पाठवले. मुलाने माल सोडला. पुढच्या पंधरवड्यात भाव थोडा चढला. पुण्यास आल्यावर त्यांनी खाते पाहिले, मिटले आणि त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. घरच्यांच्या मते त्या संपूर्ण प्रवासातले सर्वांत अवघड काम हेच असावे.

आता यार्डातले समवयस्क त्यांच्याकडे चौकशीला येतात. मोठे जहाज की लहान, असे विचारले की ते प्रथम विचारणाऱ्याची प्रकृती आणि सवयी विचारतात. ज्याला गुडघ्यांचा त्रास आहे, रोजच्या औषधांची लांब यादी आहे किंवा नातवंडांना सोबत न्यायचे आहे, त्याने मोठे जहाज घ्यावे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर जैन भोजनही मिळते. ज्याला बाराही दिवस कोणी करमणूक केली नाही तरी चालेल, त्याने लहान जहाजाचा विचार करावा. मग ते चार प्रश्न पुढे ठेवतात. आपला कोणता नियम सोडता येणार नाही? त्या नियमाला कोणता महिना मानवतो? खाण्याची यादी किती आधी आणि कोणाच्या हाती दिली? आणि मागे राहिलेल्या पेढीचे निर्णय खरोखर दुसऱ्यावर सोपवले आहेत का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांकडे लगेच असतात. चौथ्यासाठी ते वही उसनी देतात आणि वाचून परत आणा, असे सांगतात.